झाडीकट्ट्यावरचा दुसरा वाटा

धानोरा
२ डिसेंबर २००८

प्रिय रीता,

तुझं पत्र पोळ्याच्या आधी मिळालं होतं आणि उत्तर आता लिहितो आहे. मधे तीनदा बसलो होतो. पहिल्यांदा कागद होता, पेन नव्हता. दुसऱ्यांदा दोन्ही होतं, पण 'प्रिय रीता' एवढं लिहिलं आणि समोरून एक जीप धानोऱ्याकडे निघाली. ड्रायव्हर म्हणाला, "येतं काय?" तर बसलो. तिसऱ्यांदा इथेच, हिरड्याच्या पोत्यावर कागद ठेवून लिहिला, तर कागदाला डाग पडला. तोच कागद उलटा करून हे लिहितो आहे, म्हणून मागच्या बाजूला लक्ष देऊ नको.

एका व्यापाऱ्याच्या अंगणात हिरडा वाळवायचं काम मिळालं आहे. काम म्हणजे काय, पसरवायचा, उलटवायचा, गाई हाकलायच्या. मोबाइल आहे पण रेंज नाही. रेंज पाहायला टेकडीवर गेलो तिथे मोबाइलच पडला. आता मोबाइलही नाही. जंगूभाऊच्या चहाच्या दुकानात माझ्या नावाची पत्रं ठेवतात. हा जंगूभाऊ एकदा अस्वलाच्या पुढे...  जाऊ दे, ते भेटल्यावर.

तर मुद्दा. तुला झाडीकट्ट्याचा पासवर्ड पाहिजे, कारण तुला कट्टा बंद करायचा आहे. रीता, मला पासवर्ड आठवत नाही. शपथ. चार वर्षांआधी वडशाच्या त्या स्टेशनरीच्या दुकानामागच्या खोलीत, दोन कंप्युटर आणि एका पंख्यावर, मी तो कट्टा उभा केला. इंटरनेटवर आपल्या झाडीपट्टीचा एक पार. कोणत्या गावी कोणतं नाटक लागलं, धानाला कोणतं औषध मारू नये, कोणत्या तलावात काय निघालं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं दोन दिवसांनी सांगायचं, आणि ते तिथंच राहायचं. मग मी खुर्ची सोडली आणि जूनपासून तू बसलीस. खुर्ची दिली, तेव्हा चावीही द्यायला पाहिजे होती, हे मान्य. पण डोक्यातून गेली.

सगळे ऑर्कुटवर गेले म्हणतेस. जाऊ दे ना. बाजार भरला म्हणून कोणी पार तोडतं का? लटारूमामा कसे आहेत? अजून त्याच सायकलवर?

तुझा,
प्रणित


वडसा
१४ डिसेंबर २००८

प्रणितभाऊ,

पत्र डागासकट पोचलं. मागची बाजू वाचली. तिथे तू लिहिलं आहेस, 'पासवर्ड देऊ की नको'. ज्याला आठवत नाही त्याला हा प्रश्न पडत नाही.

आता तुझ्या पाराची खबर ऐक. अख्ख्या नोव्हेंबरात कट्ट्यावर तीन पोस्टी पडल्या. दोन गुणवंतरावांच्या. बल्लारपूरचे आपले रिटायर मास्तर. पहिलीत त्यांनी लिहिलं की नाटक शुक्रवारी आहे, आणि दुसरीत 'वरील माहिती चुकीची असून संबंधितांनी जबाबदारीने लिहावे' असं स्वतःलाच दटावलं. तिसरी पोस्ट कोण्या परदेशी माणसाची, वजन कमी करायच्या गोळ्यांची. ती मी पुसली. म्हणजे दोन.

आणि सुरेंद्रनं ऑर्कुटवर 'आम्ही झाडीवाले' काढलं, त्यात चार महिन्यांत सहाशे चाळीस माणसं. गुणवंतरावसुद्धा. रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकतात. पोरं नाटकाचे फोटो टाकतात, कोणाचं लग्न जमलं ते कळतं, सिरोंच्यापासून पुण्यापर्यंतचे लोक बोलतात. दुकानात येणारे सगळे तेच उघडतात. मी एकटी कट्ट्याला झाडू मारत बसते.

पण खरं कारण हे नाही. तूही मागच्या पत्रात खरं कारण लिहिलं नव्हतंस, म्हणून मीही आत्तापर्यंत लिहिलं नव्हतं. कारण बाबा आहेत, तुझे लटारूमामा.

दर गुरुवारी वडशाच्या बाजाराला बाबा सावरटोल्याहून सायकलनं येतात. दुकानाच्या पायरीशी चपला काढतात. इथे कोणी चपला काढत नाही, मालकही नाही. माझ्या खुर्चीमागे उभे राहतात आणि विचारतात, "आलं काय?" मी म्हणते, "नाई." ते म्हणतात, "बरं." आणि वांगे घ्यायला जातात.

जूनपासून सव्वीस गुरुवार झाले. तू चार वर्षांआधी त्यांना सांगून ठेवलंस की इथे लिहिलं तर झिंगूकाका जगात कुठेही असला तरी वाचेल. एकोणीस वर्षं झाली काका घर सोडून. मी तेव्हा पाच वर्षांची होते, मला त्याचा चेहराही नीट आठवत नाही. पण मला दर गुरुवारी 'नाई' म्हणावं लागतं. कट्टाच नसला तर बाबांना विचारायला जागा राहणार नाही. थोडे दिवस वाईट वाटेल, मग फक्त वांगे घेऊन घरी जातील.

म्हणून पासवर्ड पाठव.

अजून एक. काकासाठी बाबा दरवर्षी तुझ्याकडून माशांच्या वाट्याचं लिहून घ्यायचे ती पोस्ट, 'झिंगूचा वाटा', ती किती वेळा उघडली गेली त्याचा आकडा खाली दिसतो. सातशे बारा आहे. आणि दर सोमवारी एक-दोननं वाढतो. कोणीतरी वाचतं असं बाबांना दाखवायला तू कुठून उघडत असशील तर बंद कर.

रीता


आरमोरीच्या पुढे, नाटक मंडळीसोबत
५ जानेवारी २००९

प्रिय रीता,

हिरडा सोडला. धानोऱ्यात एक नाटक मंडळी आली होती, त्यांचा जनरेटर पाहणारा माणूस आजारी पडला, आणि मी फक्त म्हणालो की मला डिझेलचा वास आवडतो. आता रोज नवीन गाव. तुझं पत्र जंगूभाऊनं एसटीच्या कंडक्टरकडे दिलं, त्यानं दुसऱ्याकडे, आणि ते तिसऱ्या गावी मला गाठलं. कट्टा चालवणारे दोघं आपण, आणि एकमेकांना पत्रं पाठवतो एसटीनं. गुणवंतरावांना सांगू नको.

पासवर्ड आठवतो. पहिल्यापासून आठवत होता. हे लिहिल्यावर जरा मोकळं वाटलं. पण देत नाही.

सोमवारचे आकडे माझे नाहीत. धानोऱ्यात मी कुठून उघडणार? मला वाटलं होतं तूच उघडत असशील, मन लावायला. तू नाही, मी नाही. मामांना कंप्युटर उघडता येत नाही. मग कोण?

मी काल रात्रभर नाटक पाहत होतो, म्हणजे खरं तर नाटक नाही, तट्टा. तुला माहीतच आहे, नाटकाच्या मंडपाला बांबूचे तट्टे लावतात, तिकीटवाले आत. पण तट्ट्याच्या बाहेर नेहमी पाच-दहा जण उभे असतात. पैसे नसतात म्हणूनच असं नाही. कोणाचं आतल्या माणसाशी जमत नसतं. कोणाच्या घरी सुतक असतं. कोणाला कोणी पाहू नये असं वाटत असतं. ते फटीला कान लावून पूर्ण नाटक ऐकतात, टाळ्याही वाजवतात, आणि पडदा पडायच्या आधी निघून जातात.

तुझ्या ऑर्कुटला तट्ट्याची फट नाही, रीता. आत जायचं तर नाव सांगा, फोटो लावा, आणि कोणाच्या घरी डोकावलं तर त्यालाही कळतं, अमका येऊन गेला. सहाशे चाळीस सगळे आतले. कट्ट्यावर नाव न सांगता उभं राहता येतं. मीच ती पाटी मराठीत करून घेतली होती : 'आत्ता कट्ट्यावर : एक पाहुणा'. कोण, कुठला, काही नाही. नुसता पाहुणा.

दोन्ही राहू दे म्हणतो मी. नाहीच ऐकायचं असेल तर माझी एक अट. बंद करण्याआधी मामांना सांग. त्यांच्या पाठीमागे पुसू नको. ते हो म्हणाले तर पासवर्ड लगेच पाठवतो. तसं लिहायला पत्ता बल्लारपूरचा घे, मंडळी संक्रांतीनंतर तिकडे जाणार आहे आणि आईनं निरोप धाडला आहे की तोंड दाखव.

प्रणित


वडसा
२३ जानेवारी २००९

प्रणितभाऊ,

तुझ्या अटीप्रमाणे काल सांगितलं. चपला काढून मागे येऊन उभे राहिले, त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "बाबा, हा कट्टा बंद करून राह्यली मी."

ते म्हणाले, "म्हंजे पुसून टाकते काय?"

मी हो म्हटलं. ते पायरीवर जाऊन बसले. मला वाटलं उठून बाजारात जातील. थोड्या वेळानं आत आले आणि म्हणाले की मग एक डाव शेवटचं लिहून घे.

त्यांनी सांगितलं तसं मी टाइप केलं. तू इंग्रजी अक्षरांत लिहायचास, मी आता मराठी अक्षरांत लिहिते, तेवढाच फरक. यंदा शिमग्यानंतरच्या पहिल्या आयतवारी सावरटोल्याच्या मोठ्या तलावात जाळं टाकायचं ठरलं. दोन वाटे काढीन, एक लटारूचा, एक झिंगूचा. आणि शेवटी म्हणाले, "झिंगूची चूल मानली."

माझा हात थांबला. मी विचारलं, बाबा, हे तुम्ही पहिल्यांदाच सांगता ना?

"काऊन पहिल्यांदा? दरसाल सांगतो त्या प्रणितले. चार डाव सांगतलं."

मी चारही पोस्टी उघडल्या. २००५ ची, सहाची, सातची, आठची. रोहू इतके, कटला इतके, मरळ एक, शिंगूर ओंजळभर. एकीत तर तू 'पाऊस बरा' असंही लिहिलं आहेस. पण ती ओळ कुठेच नाही. बाबांना वाचता येत नाही, म्हणून त्यांना कधी कळलं नाही.

तू बल्लारपूरचा, तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. आमच्याकडे तलावाला जाळं लागलं की मासे माणसागणिक नाही, चुलीगणिक वाटतात. तलावाच्या बांधावर, पाळीवर, ढीग लावतात आणि वाटा करणारा एकेक घर पुकारतो : अमक्याची चूल मानली. त्या घरचं कोणी असेल ते म्हणतं, "आलो," आणि आपला ढीग उचलतं. नवीन लग्न झालेल्यानं वेगळी चूल मांडली, तर ती आधी त्याच्या घरच्या मोठ्यानं पुकारायची असते. त्यानं पुकारली नाही, तर गावाच्या लेखी ती चूल नाहीच.

एकोणीस वर्षांआधी काकानं काकूला आणून वेगळी चूल मांडली, बाबांना न विचारता. त्या वर्षी पुकारायला बाबाच उभे होते. सगळी घरं पुकारली आणि काकाचं नाव घेतलं नाही. काकानं सगळ्यांसमोर विचारलं तर बाबा म्हणाले, "चूल एक, वाटा एक." काका पाण्यातून वर आला, ओल्या कपड्यांनी घरी गेला, काकूला घेतलं आणि गेला. भांडण एवढंच. मासे नव्हते भांडणात.

तेव्हापासून बाबा दरवर्षी दोन वाटे काढतात. 'झिंगूची चूल मानली' म्हणून पुकारतात. कोणी 'आलो' म्हणत नाही. सगळे पाण्याकडे पाहत उभे राहतात. मग तो ढीग गावात जे घर अडचणीत असेल त्याला देतात.

आता तूच विचार. काकानं ते कुठे वाचलंच असेल, तर त्याला काय दिसलं? चार वर्षं रोहू आणि कटला. जणू भाऊ म्हणतो आहे, मासे घेऊन जा. जी एक गोष्ट त्याला पाहिजे होती, ती तू खाऊन टाकलीस.

बाबांना मी हे सांगितलं नाही. सांगणारही नाही. पोस्ट टाकली आहे. वर पाटीही लावली : झाडीकट्टा ३१ मार्चला बंद होत आहे.

रीता


बल्लारपूर
४ फेब्रुवारी २००९

रीता,

या वेळी उशीर केला नाही. पत्र मिळालं, वाचलं, त्याच दिवशी लिहायला घेतलं. आईनं विचारलं, काय झालं रे, जेवत काऊन नाई? मी म्हटलं काही नाही.

ती ओळ मीच गाळली. मुद्दाम नाही. मामा सगळं सांगून झालं की शेवटी ते म्हणायचे, आणि मला वाटायचं ते पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' म्हणतात तसलं काहीतरी आहे. इंग्रजी अक्षरांत एका बोटानं टाइप करायचो, मागे गिऱ्हाईक उभं असायचं. म्हटलं, एवढं कशाला. पहिल्या वर्षी गाळली. पुढच्या वर्षी पहिलीवरून पाहून लिहिली, म्हणून पुन्हा गाळली. चार वर्षं.

मी तुला तट्ट्याची मोठी गोष्ट सांगितली. बाहेर माणूस कान लावून उभा असेल म्हटलं. असलाच तर त्याला मीच अर्धं नाटक ऐकवलं.

पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत टाकला आहे. तुला जे करायचं ते कर. माझा आता काही हक्क नाही. एवढंच, बंद करशील तर ती एक पोस्ट कागदावर छापून ठेव. आणि मामांना एकदा तरी मी स्वतः सांगीन. तू सांगू नको.

मंडळी सोडली. इथे सायकलच्या दुकानात बसतो. पंक्चर काढायला आवडतं, कारण ते तेवढंच असतं.

प्रणित


वडसा
२२ फेब्रुवारी २००९

प्रणितभाऊ,

पंक्चर काढणं पुरे. तुझं इतकं सरळ पत्र वाचून मला भीतीच वाटली. एका पत्रात तू एकदाही भटकला नाहीस.

पासवर्ड मिळाला. अजून वापरला नाही. ऐक काय झालं.

आधी ऑर्कुटचं सांगते, म्हणजे तू म्हणणार नाहीस की मी एकाच बाजूचं सांगते. बाबांची पोस्ट मी तिथेही टाकली. पहिल्या दिवशी बत्तीस उत्तरं. 'मस्त', 'रोहू काय भाव?', 'पार्टी कधी?' गुणवंतरावांनी गुलाब टाकला. सुरेंद्रनं माशांचा फोटो मागितला. मी म्हटलं मासे अजून पाण्यात आहेत. तिसऱ्या दिवशी 'तुमचा आवडता नट कोण' नावाचा विषय निघाला आणि सगळे तिकडे गेले. पण खोटं बोलणार नाही, त्यातून दोन पोरं जाळं ओढायला येतो म्हणाली, आणि बाबांना हातांची गरज आहेच. कट्ट्यावरून हात मिळाले नसते.

आता कट्ट्याचं. तिथे एकही उत्तर आलं नाही. पण पोस्ट टाकल्यानंतरचा पहिला सोमवार आला आणि आकडा एक-दोननं नाही, एकदम तेवीसनं वाढला. त्याच्या पुढच्या सोमवारी अठरा. एकच पान कोणी इतक्यांदा का उघडेल? मला वाटलं, कोणीतरी वाचतं, बंद करतं, पुन्हा वाचतं.

मागच्या सोमवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी कट्टा उघडून बसले होते. खाली लिहून आलं, 'आत्ता कट्ट्यावर : एक पाहुणा'. दहा मिनिटं झाली, पाहुणा तिथेच. अर्धा तास झाला, पाहुणा तिथेच. नाव विचारावं तर पळून जाईल. मी त्याच पोस्टीखाली एवढंच लिहिलं : 'चहा घेणार का?' आणि वाट पाहत बसले. मग पाहुणा गेला. मी स्वतःवर इतकी चिडले. कोणी असं विचारतं का?

भाऊ, तो गोळ्यावाला परदेशी माणूसही असू शकतो. मला माहीत आहे. गुरुवारी बाबा आले तेव्हा मी 'नाई'च म्हटलं. पण पासवर्डाची चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. तिथेच राहू दे म्हटलं, शिमग्यापर्यंत.

बाबांचा निरोप : "त्या प्रणितले बलाव. जाळ्याले हात कमी पडते." १५ मार्चला आयतवार आहे. मला नेमकी त्या दिवशी वडशाला कंप्युटरची परीक्षा आहे, दुपारी दोनला, त्यामुळे मी नसेन. तू जा. आणि काय काय होतं ते लिहून दुपारच्या बसनं पाठव. फोन करू नको, फोनवर बाबा मागून ओरडतात 'सगळं बरं हाय' आणि काहीच कळत नाही.

रीता


सावरटोला, मोठ्या तलावाची पाळ
१५ मार्च २००९, सकाळ

प्रिय रीता,

शब्द दिला होता, म्हणून पाळीवर बसून लिहितो आहे. कागद ओला होईल, वाचून घे.

शनिवारी सायंकाळी पोचलो. थेट येणार होतो, पण वाटेत एका गावी बैलगाडीचं चाक निसटलं होतं, ते बसवायला... नाही, या वेळी भटकत नाही. पोचलो. मामांना सांगितलं. जेवताना सांगायचं ठरवलं होतं, जमलं नाही. हात धुताना सांगितलं. मामांनी तांब्या तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "तुले मालूम नोतं." मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मले मालूम होतं तरी एक डाव मी बी गाळलं होतं." आणि माझ्या हातावर पाणी ओतलं. एवढंच बोलणं. मामी मात्र रात्रभर कुरकुरत होती की पोराले जेवू तरी द्यायचं.

पहाटे जाळं टाकलं. ऑर्कुटवाली दोन पोरं खरंच आली. एकाच्या पँटीची इस्त्री अजून मोडली नव्हती, तो पाण्यात छातीपर्यंत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्याकडे दोन शिंगूर आणि एक मोठी जखम होती. शिंगूरचा काटा लागला. मामांनी पाला चोळून दिला आणि म्हणाले, आता हा झाडीवाला झाला. दुसरा सगळ्यांचे फोटो काढतो आहे. ओढायला दोघंही कामाचे निघाले, हे सुरेंद्रला सांग.

रोहू खूप. कटला कमी. एक मरळ एवढी मोठी की दोघांनी धरली. तलाव पूर्ण उपसत नाहीत इथे. पलीकडचा डोह तसाच सोडतात, तिथे जाळं नेत नाहीत. मी विचारलं, तिथे तर सगळ्यात मोठे असतील. मामा म्हणाले, "म्हणूनच."

आता ढीग लागले आहेत. एकेचाळीस चुली, बेचाळीस ढीग. सगळे पाळीवर गोळा झाले. मामा उठले. धोतर झटकलं. पुकारायला लागले. थांब, पाहतो.

लिहितो. हात ओला आहे, अक्षर समजून घे.

एकेक घर पुकारलं. "आलो," "आलो," करत ढीग उचलले गेले. मामांचा स्वतःचा मामीनं उचलला. शेवटी एकच राहिला. मामांनी पाहिलं, सगळे पाण्याकडे तोंड करून उभे. तू लिहिलं होतंस अगदी तसे. मीही तिकडेच पाहिलं. मामा म्हणाले, "झिंगूची चूल मानली."

आणि मागून, पाळीच्या वरून, कोणीतरी म्हणालं, "आलो."

बाईमाणसाचा आवाज. सगळे एकदम वळले. अठरा-एकोणीसची पोरगी, पाठीला कॉलेजची बॅग, चपला चिखलानं भरलेल्या. ओळखीची नाही. बोलण्यात जरा तेलुगूची चाल, स्वतःला 'आलो-गेलो'च म्हणते. मामा ढिगाशीच उभे, म्हणून तीच खाली आली. म्हणाली, नाव आचल. मंचेरियलला कंप्युटर शिकते. सोमवारी आमच्या क्लासला इंटरनेट असते. तीन सालापासून वाचून राह्यलो, घरी जाऊन बाबाले सांगतो. बाबा दरसाल मासे मोजून घेते आणि म्हणते, 'आखीन काही लिवलं हाय काय?' मी म्हणतो, नाई.

मग तिनं मामांना विचारलं, "ह्या डाव लिवलं होतं. आमची चूल मानली म्हणून. कट्टा बंद होते म्हणून घाईनं आलो. ते खरं हाय ना?"

मामा वाकले. त्यांनी तो ढीग दोन्ही हातांनी उचलला, आणि तिच्या हातात द्यायला गेले, तर पोरगी मागे सरली. मला नका देऊ म्हणाली. चूल बाबाची हाय, बाबाच घेईल. बाबा तिकडं पाळीच्या मांगं उभा हाय. खाली येत नाई म्हणते, वरूनच ऐकतो म्हणते.

आणि जाता जाता तिनं मला पाहिलं, हातातला कागद पाहिला, आणि विचारलं, "ते चहाचं तुमीच लिवलं होतं काय?" मी म्हटलं, माझ्या बहिणीनं. म्हणजे तुझ्याही.

बस आली, हॉर्न देते आहे, कागद कंडक्टरच्या हातात देतो. चुलीत गेली तुझी परीक्षा, मिळेल त्या गाडीनं निघ. पाळीच्या माथ्यावर आता एक माणूस दिसतो आहे, केस पांढरे, चपला काढून हातात धरलेल्या. खाली उतरत नाही. मामा ढीग उराशी धरून त्याच्याकडे चढत आहेत.

प्रणित